आमची मुक्कामी गाडी: विदर्भाच्या ६२ आमदारांना खुलं पत्र

सगळ्या पक्षांच्या, सत्तेतल्या आणि विरोधातल्या आमदार साहेबांना आणि ताईंना नमस्कार.

मी वऱ्हाडातल्या एका खेड्यातला माणूस. हमरस्त्यापासून नऊ किलोमीटर आत आमचं गाव आहे आणि फाट्यावर माझं झेरॉक्सचं अन ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं छोटंसं दुकान आहे. गावाचं, तालुक्याचं, एसटी डेपोचं नाव मुद्दाम लिहत नाही कारण हे पत्र डेपोतल्या कोणाच्या विरोधात नाही. तिथं अर्ज देऊन झाले, ग्रामपंचायतीचा ठराव देऊन झाला, त्यांनी दरवेळी खुर्ची दिली, चहा पाजला, नीट ऐकून घेतलं आणि परत पाठवलं, कारण त्यांच्याकडेच गाडी नाही तर ते तरी कुठून आणून देतील. गाड्या किती घ्यायच्या, पैसा किती द्यायचा, कुठं द्यायचा हे जिथं ठरतं तिथं तुम्ही बसता. दर डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं ते १९५३ च्या नागपूर करारामुळं भरतं, विदर्भाचं म्हणणं विदर्भात बसून ऐकलं जावं म्हणून. तर आमचं म्हणणं हे आहे.

आमच्या गावाला एसटीची मुक्कामी गाडी होती. सांजच्याला साडेसातला तालुक्यावरून निघायची, सव्वाआठच्या सुमारास गावात यायची, मारुतीच्या पारापाशी सगळे उतरायचे, अन ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत झोपायचे. त्यांच्यासाठी कोणाच्या ना कोणाच्या घरून भाकर, वांग्याची भाजी, ठेचा जायचाच, ते कोणाला सांगावं लागलं नाही कधी. शेवटच्या काही वर्षांत ती गाडी इतकी जुनी झाली होती की सकाळी स्टार्टर घ्यायचा नाही, मग ड्रायव्हर भाऊ रात्रीच गाडी पारापासून पुढं नेऊन शाळेच्या उतारावर उभी करायचे, पुढच्या चाकांना दोन मोठे दगड लावायचे, आणि सकाळी पावणेसहाला कंडक्टर ते दगड काढायचा, गाडी आपसूक उतारानं घरंगळायला लागली की ड्रायव्हर भाऊ गिअर टाकायचे अन एक मोठा हिसका बसून इंजिन चालू व्हायचं. तो आवाज गावभर जायचा. माझ्या आईला घड्याळ कळत नाही पण "गाडी उठली" म्हटलं की ती चुलीकडे जायची. ते दोन दगड अजून शाळेच्या भिंतीला लागून पडले आहेत, त्यांच्यावर ऑइलचे डाग आहेत.

पावणेसहाच्या त्या गाडीत कोण असायचं ते सांगतो. तालुक्याच्या कॉलेजातली पोरं-पोरी, सांबार (कोथिंबीर) अन मेथीच्या जुड्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, सीझनमध्ये जिनिंगवर कामाला जाणारे मजूर, बँकेत पीककर्जाच्या कामाला जाणारे कास्तकार, आणि दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी पेशंट, कारण या गाडीनं निघालं तरच तालुक्यावरून पुढची गाडी पकडून जिल्ह्याच्या दवाखान्यात चिठ्ठी निघायच्या वेळेला पोचता यायचं. सात वाजता निघालं की दवाखान्यात लाईन लागलेली असते, डॉक्टर तपासतात पण एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, म्हणजे आणखी एक रोजी बुडाली. एका तासानं काय फरक पडतो असं कोणी म्हणू नका, खेड्यातल्या माणसाचा त्या एका तासावर सगळा दिवस उभा असतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला अन मुक्कामी गाडी थांबली. पुढं थोड्या फेऱ्या सुरू झाल्या तोच ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पार एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या लोकांची मागणी पगाराची होती, एसटी सरकारात विलीन करायची होती, आमच्या गावानं त्यांना कधी वाईट म्हटलं नाही, आमच्या गावात झोपणारी माणसं होती ती. पण संप मिटला, शहराच्या गाड्या लागल्या, लांब पल्ल्याच्या लागल्या, आणि आमची मुक्कामी परत आलीच नाही. तिच्या बदल्यात सकाळी डेपोतून एक फेरी लागली, सातला गावात यायची, तीही कधी येते कधी नाही.

माझी मोठी पोरगी अकरावी सायन्सला आहे. जून महिन्यापासून मी दुकानात एक वही ठेवली आहे, शंभर पानी साधी वही, रोज तारीख टाकतो आणि गाडी आली तर बरोबरची खूण, नाही आली तर फुली, उशिरा आली तर वेळ. आधी रागानं सुरू केली होती पण लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली की फुल्या विखुरलेल्या नसतात, त्या झुपक्यानं येतात. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटल्या की आमच्या ओळीनं फुल्या. मोठा सरकारी कार्यक्रम असला, माणसं न्यायला गाड्या लागल्या की फुल्या. दिवाळीची गर्दी, फुल्या. मुसळधार पाऊस झाला, दोन गाड्या रस्त्यात बंद पडल्या, की पुढचे चार दिवस फुल्या. म्हणजे जिल्ह्यात कुठंही गाडी कमी पडली की ती आमच्यातून काढतात. हे कोणाच्या मनात खोट आहे म्हणून होत नाही, पण होतं दरवेळी हेच.

एक दिवस पोरगी अन तिच्या तीन मैत्रिणी गावात पारापाशी पावसात उभ्या होत्या, गाडी नव्हती आली, म्हणून मी दुकान बंद करून सरळ तालुक्याच्या स्टँडवर गेलो. कंट्रोलर साहेबांना म्हटलं, साहेब, आजही काहून नाही पाठवली? त्यांनी समोरचं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. म्हणाले, "भाऊ, हे पाहा, सकाळी एवढ्या ड्युट्या लावायच्या आहेत अन गाड्या कमी आहेत, दोन वर्कशॉपात आहेत, एकीचा क्लच गेला, एकीचं टायर नाही. मला आता सांगा, पुण्याची कॅन्सल करू का? जिल्ह्याची करू का? तिथं बुकिंग झालेलं आहे, स्टँडवर माणसं भांडायला येतात. तुमच्या गावची केली तर कोण येते?" अन मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही आज आले, म्हणून सांगून राहिलो." मला राग नाही आला त्यांचा. खरं बोलले ते. त्या माणसाला रोज सकाळी पाच वाजता ठरवावं लागतं की कोणाची लेकरं घरी राहतील.

आता याच्यातून पुढं काय होते ते तुम्ही समजून घ्या, ही माझी मुख्य गोष्ट आहे. गाडी आठवड्यातून दोनदा आली नाही की माणूस तिच्या भरवशावर राहत नाही. परीक्षा आहे, ऑपरेशनची तारीख आहे, कोर्टाची तारीख आहे, अशा दिवशी कोण धोका घेईल? मग लोक काळीपिवळी जीपला जातात, कोणी हप्त्यावर फटफटी घेते, कोणी पोरीचं कॉलेज सोडून तिला बाहेरून परीक्षेला बसवते. त्यानंतर ज्या दिवशी गाडी येते त्या दिवशी तिच्यात माणसं कमी असतात. सहा महिन्यांनी वरून कोणी कागद पाहते, म्हणते या फेरीला भारमान नाही, म्हणजे सीटमागं माणसं भरत नाहीत, प्रवाशांचा प्रतिसाद नाही, बंद करा. साहेब, प्रतिसाद आम्ही आधी बंद केलेला नसतो. गाडीनं आम्हाला सोडलं तेव्हा आम्ही गाडीला सोडलं. ही गोष्ट कागदावर उलटी लिहिली जाते, आणि एकदा लिहिली की तीच खरी होऊन बसते.

भारमानाचंही सांगतो. गाडी रोज ओळीनं येत असली की सकाळी ती गावातून ४४ सीटवर ४४ माणसं घेऊन जाते, उभे वेगळे. पण ती गावात येताना रिकामी येते कारण सकाळी सातला तालुक्यावरून खेड्यात कोण येईल, सहा-आठ माणसं. समजा आठच धरले. ८८ सीटमागं ५२ माणसं झाली, म्हणजे साठ टक्क्यांनाही टेकत नाही. त्यात निम्मी पोरं पासवाली, त्यांचे पैसे फेरीच्या तिकिटात येत नाहीत, मशीनवर त्या फेरीचं उत्पन्न आणखीच बारीक दिसते. वरच्या साहेबाला दिसते की ही फेरी तोट्याची आहे. आणि मी फाट्यावर उभा राहून पाहतो तर दरवाजात पोरं लटकलेली असतात. एकच गाडी, कागदावर अर्धी रिकामी अन रस्त्यावर भरलेली. खेड्याची गाडी अशीच असणार, सकाळी एका बाजूनं अन सांजेला दुसऱ्या बाजूनं, तिला नागपूर-अमरावतीच्या मापानं मोजाल तर विदर्भातली एकही खेड्याची फेरी वाचणार नाही.

आता सवलतींबद्दल बोलतो, कारण तुमच्या भाषणात त्या असतात आणि त्या चांगल्याच आहेत, मी स्वतः घरात त्यांचा फायदा पाहिला आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांच्या वरच्यांना फुकट प्रवास, मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, आणि खेड्यातल्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास तर त्याच्या कितीतरी आधीपासून. माझी आई ७६ ची आहे. पहिल्यांदा कंडक्टरनं तिला शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं तेव्हा ती ते घडी करून घरी घेऊन आली अन देवाच्या फोटोमागं ठेवलं, अजून आहे, अक्षरं उडाली सगळी. पण आता तिला डोळे दाखवायला जायचं असते तर गावातून फाट्यापर्यंतचे नऊ किलोमीटर ऑटोवाल्याला रोख पैसे द्यावे लागतात, कधी ऑटो भरेपर्यंत तासभर थांबावं लागते, अन मग फाट्यावरून पुढं ती फुकट. माझ्या पोरीचा पास कंपासपेटीत आहे, फोटो चिकटवलेला, शिक्का मारलेला, अन ती काळीपिवळीत पैसे देऊन जाते, कारण काळीपिवळीत पास चालत नाही. ड्रायव्हरच्या बाजूला चार, मागं पंधरा, टपावर पोत्यांवर पोट्टे. पोरींना मध्ये चेंगरून बसावं लागते. किती आयांनी मला दुकानात सांगितलं की भाऊ, याच्यापेक्षा घरी राहिलेली बरी.

सवलत गाडीत बसलेल्यालाच मिळते, बाकी कोणाला नाही. सरकार त्या सवलतींची भरपाई देते, तो पैसा सगळ्या महाराष्ट्राचा आहे, आमच्याही करातला आहे, पण ज्या गावात फेरी नाही त्या गावाला त्यातला एक रुपयाही पोचत नाही. जिथं दर अर्ध्या तासाला गाडी आहे तिथली बाई महिन्यातून वीसदा अर्ध्या तिकिटात जाते अन आमच्याकडची बाई पूर्ण पैसे देऊन जीपच्या मागच्या फळीवर. म्हणून एक फेरी बंद केली की नुसती एक गाडी बंद होत नाही, तीन-चार योजना एकदम त्या गावापुरत्या बंद होतात, अन त्याचा जीआर निघत नाही, पेपरात बातमी येत नाही, तुम्हाला तर समजतही नाही.

एसटी महामंडळाकडं पैसा नाही हे आम्हालाही दिसते. जून २०२५ मध्ये सरकारनंच एसटीची श्वेतपत्रिका काढली, त्यात साचलेला तोटा १० हजार ३०० कोटींच्या वर दाखवला आहे. कोरोनाच्या आधी १८ हजारांच्या वर गाड्या होत्या, मग भंगारात जात गेल्या, नव्या तेवढ्या आल्या नाहीत, आकडा १५ हजारांच्या आतबाहेर येऊन बसला. त्यातच एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम लागला की सरकारी, महामंडळाच्या १५ वर्षांवरच्या गाड्या चालवायच्या नाहीत. नियम बरोबर आहे, आमच्या उतारावरच्या गाडीत मी बसलेलो आहे, पाऊस आला की टपातून पाणी, खिडकीची काच खडखडून वर राहायची नाही म्हणून लोक तिच्यात वहीचा कागद दुमडून कोंबायचे. अशा गाडीत लेकरं पाठवू नयेत. पण जुनी काढली अन तिच्या जागी नवी नाही दिली तर काय उरलं? भाडं तर वाढतच गेलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ टक्के, जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ १५ टक्के. लोकांनी कुरकुर केली पण दिलं. आम्ही जास्त पैसे द्यायला तयार झालो, आम्हाला गाडी कमी मिळाली.

मधल्या काळात ई-बसचं मोठं स्वप्न दाखवलं गेलं, ५,१५० गाड्या भाड्यानं घ्यायचा करार झाला, ठरल्याप्रमाणं त्या आल्या नाहीत आणि २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनीच तो करार रद्द करायला सांगितलं. इतका वेळ त्या गाड्या येतील येतील म्हणून गेला, अन तो वेळ आमच्यासारख्या फेऱ्यांच्या नशिबातून गेला. त्याच दरम्यान स्वतःच्या २,६४० साध्या लालपरी घ्यायचं झालं, त्या यायलाही लागल्या, पुढं दरवर्षी ५ हजार घेऊ असंही जाहीर झालं आहे. फार चांगलं झालं. आमच्या डेपोला नव्या गाड्या आल्या तेव्हा हार घातले, नारळ फोडले, मी स्वतः फोटो काढायला गेलो होतो. पण नवी गाडी लागते लांब पल्ल्याला, कारण पैसा तिथं मिळतो. लांब पल्ल्यावरची उतरलेली गाडी जिल्ह्याच्या फेरीला लागते, अन तिथून उतरलेली खेड्याला. सगळ्यात थकलेली गाडी सगळ्यात खराब रस्त्यावर. आमच्या नऊ किलोमीटरमध्ये दोन नाल्यांचे रपटे आहेत, डांबर निघालेलं आहे, उन्हाळ्यात ऊन ४५ डिग्रीच्या वर जाते, तिथं ती गाडी पाटा तोडणार नाही, रेडिएटर उकळणार नाही तर काय होईल? मग ती वर्कशॉपात जाते, मग फेरी रद्द, मग ते भारमान. गुंतवणूक होत नाही असं नाही, गुंतवणूक वरच्या वर राहते, खाली येते तो झिजलेला लोखंडाचा सांगाडा.

मी वकील नाही पण दुकानात कागदं वाचायची सवय आहे. ज्या १९५० च्या कायद्यावर महामंडळ उभं आहे त्याच्या कलम २२ मध्ये लिहिलं आहे की महामंडळानं व्यवसायाच्या तत्त्वावर चालावं. हे वाक्य सगळेच सांगतात. पण त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये महामंडळाचं कर्तव्य लिहिलं आहे, की कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी अन एकमेकांना जोडलेली सेवा द्यायची. "पुरेशी" हा शब्द आहे त्याच्यात. आणि कलम ३४ म्हणते की राज्य सरकार महामंडळाशी बोलून त्याला सर्वसाधारण सूचना देऊ शकते. म्हणजे सरकार म्हणू शकते की या या खेड्यांच्या फेऱ्या चालवा, तोटा झाला तर तो आमचा. तोटा महामंडळावर टाकायचा, सूचना द्यायची नाही, अन मग फेरी बंद झाली की महामंडळ ऐकत नाही म्हणायचं, हे बरोबर नाही. रस्ता बांधतो तेव्हा त्या रस्त्यानं किती उत्पन्न दिलं असं कोणी विचारत नाही. शाळेला भारमान लावतो का आपण? हो, आता पटसंख्येवरून शाळाही बंद करायच्या गोष्टी चालतात, तेही दुखणंच आहे, पण ते पुन्हा कधी.

अजून एक, एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार प्रवासी कर घेते, साडेसतरा टक्के. एका हातानं सवलतीची भरपाई द्यायची, तीही वेळेवर मिळाली तर, अन दुसऱ्या हातानं त्याच प्रवाशाकडून कर घ्यायचा. आमची बाई मजुरीचे पैसे जोडून तिकीट काढते त्यातलाही हिस्सा तिजोरीत जातो. तुम्ही ६२ जण एकदा तरी मिळून एवढं म्हणा की विदर्भातल्या खेड्यांच्या फेऱ्यांवरचा हा कर त्याच फेऱ्या चालवायला परत द्या. पक्ष मध्ये येत नाही याच्यात.

गडचिरोलीकडं पाहा. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री स्वतः तिकडं गेले अन गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरीच्या रस्त्यावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. त्याच वर्षी धानोरा तालुक्यातल्या काटेझरीला पहिली बस आली, लोकांनी ढोल वाजवले, पंतप्रधानांनी मे महिन्यात मन की बातमध्ये त्या गावाचं नाव घेतलं. मी तो व्हिडिओ दुकानात चारदा पाहिला. लोक गाडीला हळद-कुंकू लावून राहिले होते, म्हाताऱ्या बाया गाडीला हात लावून पाहत होत्या. मला खरंच रडू आलं. एक बस येणं म्हणजे गाव देशात येणं, हे त्या लोकांना ठाऊक आहे अन सरकारलाही ठाऊक आहे. मग आमच्या गावची गाडी जाते तेव्हा काय होते याचाही विचार करा. पहिल्या गाडीचा फोटो निघतो, शेवटच्या गाडीचा नाही निघत. आमच्या मुक्कामी गाडीचा शेवटचा दिवस कोणता ते गावात कोणाला आठवत नाही. ती उद्या येईल असंच सगळ्यांना वाटत होतं.

मेळघाटात, झरीकडं, सिरोंच्याकडं, जिवतीकडं आमच्यापेक्षा कठीण आहे हे मला माहीत आहे, भामरागडला तर पर्लकोटा नदीला पूर आला की सगळंच तुटते. त्यांच्यासाठीही बोला, आधी त्यांच्यासाठी बोला. तिथून जी माणसं हे वाचतील त्यांनी आपल्या आमदाराला आपलं वेगळं लिहा.

तुमच्याकडून काय पाहिजे ते साधं आहे. तुमच्या मतदारसंघातल्या प्रत्येक डेपोनं मागच्या वर्षी किती फेऱ्या ठरवल्या, किती रद्द केल्या, कोणत्या गावच्या केल्या अन कारण काय, हा कागद मागा. आम्ही मागितला तर अर्ज, अपील, चकरा, तुम्ही मागितला तर आठवड्यात येईल, कारण हे सगळं रोज लिहिलेलंच असते, मी ते रजिस्टर पाहिलं आहे. तो कागद दर महिन्याला स्टँडवर लावायला सांगा. फेरी रद्द व्हायचीच असेल तर रात्रीच गावात निरोप यावा, सरपंचाला एक फोन, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज, म्हणजे पोरी पावसात उभ्या राहणार नाहीत, याला तर एक रुपयाही लागत नाही. ज्या महिन्यात गाडी वारंवार रद्द झाली तो महिना भारमानात धरू नका. नव्या गाड्यांपैकी काही ठरवून खेड्यांच्या फेऱ्यांना द्या अन त्या तिथून काढून नेऊ नका, छोट्या गाड्या घ्या वाटल्यास, आमच्या रस्त्याला ४४ सीटचीच पाहिजे असा हट्ट नाही. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या पोरींसाठी आल्या तेव्हा किती पोरी दहावीच्या पुढं गेल्या ते तुमच्याच तालुक्यात विचारा. राज्यातल्या १२५ तालुक्यांना सुरुवातीला पाच पाच गाड्या दिल्या होत्या, त्या पहिल्या गाड्यांना आता दहा वर्षांच्या वर झाली, त्या थकायच्या आधी त्यांच्या जागी दुसऱ्या आणा, नाहीतर आमच्या मुक्कामीसारखंच होईल. आमच्या गावावर तर ती निळी गाडी येतच नाही, तिचा रस्ता दुसरीकडून आहे.

आणि मुक्कामी गाड्या. बाकी सगळं ऐकलं नाही तरी हे ऐका. रात्री डेपोतच गाडी उभी ठेवली अन सकाळी रिकामी गावात पाठवली तर तेवढं डिझेल फुकट जळते. गावातच मुक्कामाला राहिली तर सकाळी भरून निघते, रात्री भरून येते. डेपोवाल्यांनी मला सांगितलं की मुक्कामाला ड्रायव्हर-कंडक्टर जायला मागत नाहीत, झोपायला जागा नसते, संडास-बाथरूम नसते, डास असतात. खरं आहे, आमच्या त्या जुन्या खोलीचं छप्पर गळते. हे आम्ही करू. ग्रामसभेत बोलणं झालं आहे, खोलीवर पत्रे टाकायचे, दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी, बाजूला संडास, पाण्याची टाकी, गाव वर्गणी करायला तयार आहे अन ग्रामपंचायतही हातभार लावेल. जेवणाचं तर सांगायलाच नको. नवी गाडी असेल तर उतारावर लावायचीही गरज पडणार नाही.

अधिवेशनात हा प्रश्न लावायचा असेल तर वही देतो, झेरॉक्स माझ्याच दुकानात आहे. तुमच्यापैकी कोणाला स्वतः पाहायचं असेल तर कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी पावणेसातला आमच्या गावात पारापाशी या, आधी कोणाला सांगू नका, गाडी-ताफा आणू नका. पोरी तिथंच उभ्या असतात, त्यांना विचारा आज येते का म्हणून.

आपला,
फाट्यावरचा झेरॉक्सवाला